जन्माला तर आलो, पण…

गाझियाबाद, वैशाली. रविवारची दुपार. पुण्याहून आलेला मामा लॅपटॉपसमोर, भाची त्याच्या खांद्यावरून डोकावतेय.

भाची: मामा, आवाज गेलाय का रे?

मामा: गेला नाही, नव्हताच. यासुजिरो ओझूचा मूकपट आहे, 1932 चा. ‘जन्माला तर आलो, पण…’

भाची: 1932? आपला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ त्याच सालचा ना? आपण मराठीत बोलायला लागलो आणि जपानी अजून गप्पच?

मामा: गप्प कसले! पडद्याशेजारी बेन्शी असायचा. गोष्ट रंगवून सांगायचा. बाई, पोर, म्हातारा, सगळ्यांचे आवाज तोच काढायचा. कीर्तनकारच म्हण. लोक बेन्शीच्या नावावर तिकीट काढायचे. बोलपटाने पोटावर पाय येणार म्हटल्यावर त्यांनी संपही केले. तिकडे मूकपट टिकले ते बरेचसे यांच्यामुळे. ओझूचा पहिला पूर्ण बोलपट 1936 चा.

भाची: आपल्याकडे नव्हतं असं?

मामा: होतं की, सिनेमाच्याही आधी. कल्याणचे पटवर्धन ‘शांबरिक खरोलिका’ करायचे. काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर पाडायची, सोबत निवेदन आणि गाणी. विनोदी मूकपट हवा तर फाळक्यांचा ‘पिठाचे पंजे’. 1914 मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’ला जोडून दाखवला.

भाची: ए, त्या बारक्याच्या पाठीवर कसली पाटी?

मामा: ‘पोट बिघडलंय, खायला देऊ नका.’

भाची: आपल्या धाकट्याला हवी ही! आणि घरामागून सारखी लोकल काय जाते?

मामा: टोकियोचं उपनगर आहे. साहेबाच्या शेजारी राहावं म्हणून बापाने इथे बिऱ्हाड केलंय. दोघा भावांना वाटतं, आपला बाप म्हणजे कोण मोठा! मग एकदा साहेबाच्या घरी हौशी फिल्म दाखवतात. त्यात बाप साहेबाला हसवायला माकडचेष्टा करतोय. खोलीभर हशा, ही दोघं सोडून.

भाची: अरेरे.

मामा: ओझू खरा इथे कळतो. आत्तापर्यंत आपणही असल्याच तोंडं वेडीवाकडी करण्यावर हसत होतो ना? घरी येऊन पोरं विचारतात, त्याच्यापुढे वाकता कशाला? बाप म्हणतो, तो पगार देतो. मग घेऊ नका! मग तुम्ही खाणार काय?

भाची: आणि?

मामा: आणि काय, उपोषण. आम्ही जेवतच नाही म्हणतात. बघ, सकाळ झाली. आई भाताचे गोळे घेऊन आली.

भाची: धाकटा आधी हात घालणार.

मामा: गप. बघ.