गळाने बांगडा

प्रश्न : पनवेलजवळ होडीतून गळाने बांगडा कुठे, केव्हा मिळतो?

उत्तर : पनवेलची खाडी उथळ व गढूळ, तिथे बोय, शिंगाळा, जिताडा मिळतो. बांगडा खुल्या समुद्रात थव्याने फिरतो. त्यासाठी करंजा किंवा रेवदंडा गाठावे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. पावसाळ्यानंतर दर्या निवळला की हंगाम भरात येतो. खळबळणारे पाणी आणि वर घिरट्या घालणारे कुरव ही थव्याची खूण. पिसे बांधलेल्या पाच-सहा बारीक गळांची दोरी, टोकाला शिसे लावून, खाली सोडतात व हलक्या झटक्यांनी वर ओढतात. थव्यामागून सुरमई येते; तिचे दात दोरी कापतात म्हणून तिच्या गळाला तार जोडतात. बांगडा निघताच बर्फात घालावा. उन्हात राहिल्यास त्यात हिस्टामिन हे अपायकारक द्रव्य तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही.