हात का कापतो?

हात कापतो म्हटले, की लोक लगेच बोलू लागतात. कुणी म्हणतो, "भ्याला." कुणी म्हणतो, "काल जास्त झाली वाटतं!" दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसालाही हे ऐकावे लागते. तो बिचारा मुकाट्याने ऐकतो आणि हात खिशात घालतो.

अशा कंपाचा एक आजार आहे. डॉक्टर त्याला 'इसेन्शियल ट्रेमर' म्हणतात. हात मांडीवर स्वस्थ असला, तर सहसा कापत नाही. कपबशी उचलली, सुईत दोरा ओवायला घेतला, सहीला पेन धरले, की कापू लागतो. काहींची मान हलते, काहींचा आवाज थरथरतो. आपण ज्याला कंपवात म्हणतो तो पार्किन्सनचा आजार निराळा. त्यात हात स्वस्थ असतानाच जास्त कापतो आणि माणसाची चाल मंदावते.

हा आजार काही दुर्मिळ नाही. मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. नादिर भरूचा व त्यांच्या सोबत्यांनी घरोघर जाऊन १४,०१० माणसांची पाहणी केली. त्यांनी या कंपाचीही मोजदाद केली, ती १९८८ साली छापून आली. वय वाढते तसा हा कंप जास्त आढळतो. पुष्कळदा तो घराण्यात चालत येतो. म्हणून डॉक्टर विचारतात, "वडिलांचा हात कापत असे का? आईचा?" मग कागदावर चकली काढायला सांगतात. हसण्यासारखे वाटते खरे! पण चकलीच्या रेघा वाकड्या येतात कशा, यावरून त्यांना बरेच कळते.

आता रक्ताची गोष्ट. पनवेल खाडीकाठचे गाव. पावसाळ्यात कोयता बाहेर राहिला, की चार दिवसांत तांबडा होतो. पाणी आणि हवेतला प्राणवायू लोखंडाला गंजवतात. आपले शरीरही प्राणवायूवर चालते. त्यातून काही उपद्रवी कण तयार होतात. शरीर त्यांना आवरते. आवरणे कमी पडले, की पेशींना इजा होते. इजा झाली की तिच्या खुणा रक्तात उतरतात. एका खुणेचे नाव मॅलॉनडायअल्डिहाइड. पाठ करू नका, उपयोग नाही!

कंप असलेल्या माणसांत उदासी आणि काळजी जास्त दिसते. चहा सांडेल म्हणून माणूस लग्नाला जात नाही, पंगतीत बसत नाही. घरात बसून मन आणखी खचते. उदासीच्या आजारातही रक्तातल्या या खुणा वाढलेल्या आढळल्या आहेत. म्हणून कंप, मन आणि रक्त यांचा काय संबंध आहे, हे शास्त्रज्ञ तपासत आहेत. पण या खुणांवरून कंपाचे निदान होत नाही. तेव्हा त्यासाठी पैसे घालवू नयेत. थायरॉइडची रक्ततपासणी मात्र कामाची. ती ग्रंथी बिघडली तरी हात कापतो. दम्याच्या काही औषधांनीही कापतो.

थोडी दारू घेतली की हा कंप घटकाभर कमी होतो, हे खरे आहे. घात तिथेच आहे. उतरली की कंप परत येतो, आणि बाटली घरात राहते.

प्रोप्रानोलॉल नावाच्या गोळीने अनेकांना आराम पडतो. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. दमा असेल तर आधी सांगावे. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे दाखवावे. मन फार खचले असेल, तर १४४१६ या नंबरावर फोन करावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ साली सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत.

वर्गात हात कापला, तर जाड पेन्सिल घ्या आणि कोपर टेबलावर टेकवा. अक्षर वाकडे आले तरी ते अक्षरच आहे. बँकेत सही जुळत नाही म्हणून पैसे अडले, तर घाबरू नका. आजारी आणि वृद्ध खातेदाराचा अंगठा चालतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याला बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, आणि त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो.