लघु सेमिनरी आणि मातृभाषा

आमच्या तुकईथडच्या परिसरात मराठी, हिंदी आणि कोरकू या भाषा शेजारी-शेजारी नांदतात. त्यामुळे लघु सेमिनरीचा, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या निवासी विद्यालयाचा, इतिहास अभ्यासताना मी प्रथम भाषेचाच प्रश्न पाहिला.

आपल्याकडे या परंपरेचा आरंभ गोव्यात झाला. १५४१ साली मिगेल व्हाझ व दियोगु द बोर्बा यांच्या पुढाकाराने तेथे निरनिराळ्या प्रांतांतील मुलांसाठी विद्यालय निघाले. त्यांनी शिकून स्वकीयांत परतावे, हा हेतू. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर आले, तेव्हा विद्यार्थी साठांहून अधिक होते. पुढे जेझुइटांनी ते चालविले व त्यास सेंट पॉल कॉलेज हे नाव पडले. १५५६ मध्ये तेथे छापखानाही आला. धर्मप्रांतांनी अशी विद्यालये काढावीत, हा ट्रेंट परिषदेचा ठराव मात्र १५६३ चा आहे.

परंतु अभ्यासात भर लॅटिनवर होता. घरापासून दूर वाढलेला मुलगा मातृभाषेला पारखा झाला, तर मूळ हेतूच फसतो. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स यांनी मराठी आत्मसात केली. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. परक्याने जे कमावले ते घरच्या मुलाने गमावू नये, हाच मला या इतिहासाचा बोध वाटतो.