तीन सेकंदांची डुलकी

गाडीचा वेग आपण ताशी किलोमीटरमध्ये सांगतो. अपघात मात्र सेकंदात घडतो. म्हणून ताशी वेगाचे सेकंदात रूपांतर प्रत्येक चालकास यावे. किलोमीटरचे मीटर १०००, तासाचे सेकंद ३६००. म्हणजेच ताशी वेगाला ५ ने गुणावे व १८ ने भागावे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, ५४ म्हणजे १५, तर ७२ म्हणजे २० मीटर.

आपल्या जालना जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला. सपाट भागात तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. हा वेग सेकंदाला सुमारे ३३ मीटर होतो. सरळ, एकसारख्या रस्त्यावर मेंदू सुस्तावतो. तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी १०० मीटर चालकाविना धावते! जाग्या माणसालाही धोका दिसल्यावर ब्रेक दाबायला एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्यात ३३ ते ५० मीटर अंतर संपते.

काय करावे?

१) आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी.
२) सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.
३) जांभया येताच सुरक्षित थांब्यावर १५-२० मिनिटे झोपावे. खिडकी उघडणे किंवा गाणी लावणे हा झोपेवरचा उपाय नव्हे.
४) मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा.

उशीर झाला तरी चालेल. घरी सुखरूप पोहोचणे महत्त्वाचे.