खाचरावरचं डांबर

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास मळवलीच्या आमच्या फाटकासमोर एक डंपर येऊन थांबला, मागे रोलर. ठेकेदार उतरला आणि म्हणाला, "ताई, इथल्याच एका कामावरचं डांबर उरलंय. निम्म्या दरात तुमचा रस्ता करून देतो. दोन इंच टाकतो. पण आत्ताच करावं लागेल, माल गार होतोय." लोहगडाच्या माथ्यावर ढग उतरले होते. पावसाच्या आत रस्ता होऊन जाईल, या एकाच आनंदात मी हो म्हटलं.

शेजारचे तात्या, माझे चुलते, बांधावर उभे राहून बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरी, हे खाचर आहे. पाणी कुठं काढणार?" मी म्हटलं, "तात्या, डांबरावरून वाहून जाईल की." त्यावर ते काही बोलले नाहीत.

वडिलांच्या वाट्याला आलेल्या चार खाचरांपैकी एकात आम्ही घर बांधलं. दोन खोल्या पाहुण्यांना देतो, आणि जेवण घरचं, इंद्रायणी तांदळाचं. फाटकापासून घरापर्यंतची वाट १२० फूट लांब आणि १२ फूट रुंद. त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत ती काळीभोर, गुळगुळीत झाली. सगळे पैसे मी रोख दिले. कागद एकही नव्हता.

मृगाचा पाऊस नीट लागला आणि तीन आठवड्यांत जाळीसारख्या भेगा पडल्या. गाडीचं चाक वरून गेलं की भेगांतून गढूळ पाणी चिळकांडीसारखं उडायचं. आषाढीपर्यंत मधोमध खड्डे झाले आणि कडा तुटून पडल्या. त्यातला एक तुकडा मी हातात घेतला. जाडी जेमतेम पाऊण इंच. खालच्या बाजूची खडी धुतल्यासारखी स्वच्छ; डांबर तिला धरून राहिलेलंच नव्हतं.

पण मला खरं लागलं ते पुढचं. नवा रस्ता आम्ही आजूबाजूपेक्षा थोडा उंच केला होता, आणि त्याचं सगळं पाणी एका जागी गोळा होऊन तात्यांच्या खाचरात उतरलं. लावणीसाठी वाढवलेलं भाताचं रोप एका रात्रीत गाळाखाली गेलं. तात्या माझ्याशी भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते कामशेतच्या बाजूला नातेवाइकांकडे उरलेलं रोप मागायला गेले. पंच्याहत्तरीच्या माणसाला माझ्या घाईपायी दारोदार जावं लागलं, हे मी विसरू शकत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मावळात आता अशा वाटा पुष्कळ होताहेत. पवनानगरपासून तुंगार्लीपर्यंत खाचरं विकली जाताहेत, बंगले उठताहेत, हॉटेलं अंगण वाढवताहेत. प्रत्येकाला फाटकापासून दारापर्यंत काळा रस्ता हवा असतो आणि बहुतेकांना तो मे महिन्यातच आठवतो.

खाचर म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मी विसरले होते. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्या जमिनीत चिखलणी करतो ती पाणी खाली झिरपू नये म्हणून. मातीची घडण मोडून, तुडवून खाली एक घट्ट पापुद्रा तयार करतो. भाताला तेच हवं. रस्त्याला नेमकं उलटं हवं असतं. वरून डांबर घातलं म्हणून खालचं पाणी थांबत नाही. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. श्रावणात डोंगराच्या पायथ्याशी जमिनीतून उपळ फुटतात. ते पाणी खालून वर येतं, मऊ झालेल्या मातीवरची खडी रुतते आणि वरचा डांबराचा पापुद्रा वाकून फुटतो. खड्डा वरून दिसतो, पण तो तयार खालून होतो.

"लोणावळ्याच्या पावसात डांबर टिकतच नाही," असं इथे सर्रास ऐकू येतं. मला हे पटत नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ साली रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांच्या लेखी हमीवर केला, आणि हमी संपल्यानंतरही कित्येक वर्षं तो खड्ड्यांविना राहिला. पुण्याच्या कितीतरी पट पाऊस आपल्याकडे पडतो हे खरं, पण म्हणून आपण पाच पट काळजी घेतो का? मी तर मुळीच घेतली नव्हती.

आता हिशेबाचं बघा, कारण फसवणूक तिथेच होते आणि ती मोजता येते. दाबून पक्क्या झालेल्या डांबरी मिश्रणाचं वजन घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन भरतं. म्हणजे १०० चौरस मीटरवर ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच जाडी हवी असेल, तर जवळपास १२ टन माल लागतो. माझी वाट १३४ चौरस मीटरची. दोन इंचांना १६ टन लागले असते. त्या संध्याकाळी आला होता एकच डंपर, तोही पूर्ण भरलेला नव्हता. काट्याची पावती मागितली असती, तर पैसे देण्याआधीच कळलं असतं. तुम्ही क्षेत्रफळ मोजा, टन काढा आणि प्रत्येक गाडीची वजनकाट्याची पावती हातात घेऊनच माल उतरवू द्या. शिवाय, पसरलेला माल रोलरखाली दबतो. दोन इंच पक्के हवे असतील तर पसरताना अडीच इंच दिसले पाहिजेत. एक खिळा किंवा सळई खुपसून जागच्या जागी बघता येतं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. रस्त्याला नेहमी वापरतात त्या व्हीजी-३० डांबराचं मिश्रण प्लँटवरून १५० ते १६५ अंशांना निघतं. पसरताना ते १४० अंशांच्या खाली असता कामा नये आणि रोलरचं काम ९० अंशांच्या आत जाण्यापूर्वी संपलं पाहिजे. "उरलेला माल" या दोन शब्दांत खरी गोम आहे: तो किती वेळ गाडीत पडून होता हे कोणी सांगत नाही. गार मिश्रण दबत नाही, आत पोकळ्या राहतात आणि पाऊस त्याच पोकळ्यांतून खडीपर्यंत पोचतो. आमच्याकडे माणसं गोळे फुटावेत म्हणून त्यावर डिझेल शिंपडत होती. मला वाटलं, हीच पद्धत असेल. डिझेलने डांबर विरघळतं आणि खडी सुटते. रोलरच्या चाकाला माल चिकटत असेल तर पाणी वापरायला सांगा, डिझेल नाही. आणि एक थर्मामीटर आणायला लावा. खुपसायचा थर्मामीटर प्रत्येक जाणत्या ठेकेदाराकडे असतो. उलट गाडीतून निळसर धूर निघत असेल तर माल जास्त तापून जळलेला आहे, तोही परत पाठवा.

आपल्या भागात याला वाहतूक कोंडीचा एक पदर आहे. शनिवार-रविवारी जुन्या मुंबई-पुणे हायवेवर लोणावळ्याच्या दिशेने काय होतं, हे सांगायला नको. चाकण-तळेगावकडून निघालेला डंपर दोन-दोन तास अडकला, तर ताडपत्री घातलेली असूनही माल गार होतो. आठवड्याच्या मधला दिवस धरा. हिवाळ्यात इथली सकाळ फार थंड असते, तेव्हा डांबर पसरायला ऊन चढल्यावरच सुरुवात करा. मे अखेरीस तर करूच नका. नोव्हेंबर ते एप्रिल हा आपला काळ.

दुसऱ्यांदा रस्ता केला तो आम्ही पावसातच सुरू केला, म्हणजे बघायला. तात्यांचा हात धरून मी जुलैमध्ये भर पावसात सगळी जागा फिरले. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे उपळ फुटतो, तिथे तिथे त्यांनी बांबूच्या खुंट्या ठोकल्या. कोणत्याही नकाशाने मला हे दाखवलं नसतं. घर नवीन घेतलेल्या शहरातल्या माणसांना मी हेच सांगते: एक पावसाळा जागा बघा, आणि शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा. पाणी कुठल्या वाटेने जातं हे तो आयुष्यभर बघत आलेला असतो.

जानेवारीत काम केलं. सव्वा फूट काळी माती काढल्यावर पक्का मुरूम लागला. तोवर थांबलो नाही. डोंगराच्या बाजूने आधी खोल चर खणला, कारण पाणी रस्त्याखाली शिरण्याआधी अडवायला हवं. तळावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं, म्हणजे चिखल खडीत मिसळत नाही. त्यावर मुरूम, मग नऊ इंच खडी, दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून दाबलेला. मग भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली त्यावरून हळूहळू फिरवली. एका जागी जमीन चाकाखाली लवली, ती उकरून पुन्हा भरली. सबंध कामात माझ्या मते सगळ्यात मोलाचा अर्धा तास तोच होता. त्यानंतर प्राइम कोट, म्हणजे खडीवर पातळ डांबराचा फवारा, एक दिवस मुरू दिला, मग डांबराचे दोन थर, ५० आणि ३० मिलिमीटरचे, मध्ये ते एकमेकांना चिकटवणारा टॅक कोट. संपूर्ण रस्त्याला एकाच बाजूला उतार दिला, १२ फुटांत साडेतीन इंच. पाणी तात्यांच्या खाचरात न जाता ह्यूम पाइपच्या मोरीतून ओढ्याला मिळतं.

माझ्या भावाचं जुन्या हायवेवर, कार्ला फाट्याच्या अलीकडे जेवणाचं हॉटेल आहे. माझं बघून त्याने पार्किंग करायला घेतलं आणि तिथे वेगळेच प्रश्न निघाले. पार्किंगमध्ये गाड्या वेगाने जात नाहीत. त्या उभ्या राहतात आणि जागच्या जागी वळतात. पंधरा टनांची पर्यटक बस उभ्या चाकांनी वळते, तेव्हा कोवळं डांबर अक्षरशः सोलून निघतं. गाड्यांतून ठिबकणारं तेल-डिझेल रोज एकाच जागी पडतं आणि तिथलं डांबर मऊ होतं. त्याने बस उभ्या राहतात तेवढी पट्टी काँक्रीटची केली, बाकी छोट्या गाड्यांसाठी डांबर. आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही काँक्रीटचाच बांधला गेला. डांबराचा हट्ट सगळीकडे धरायचा नसतो. चढ फार असेल, किंवा खालचं पाणी कशानेच वळवता येत नसेल, तर पेव्हर ब्लॉक बरे. खचले तर काढून पुन्हा बसवता येतात. मोठ्या पार्किंगची मोकळी कड मात्र कधीही तशीच सोडू नका. कडेला काँक्रीटचा कर्ब किंवा दगडी पट्टी नसेल तर डांबर तिथूनच तुटत आत येतं. आणि हायवेच्या कडेचं गटार बुजवून आत शिरू नका. ते पाणी पुढच्याच्या दारात जातं, आणि पुढचा कोणीतरी माझे तात्याच असतो.

लेखी घ्यायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या लेखीच हव्यात: खडीच्या आणि डांबराच्या प्रत्येक थराची दाबल्यानंतरची जाडी, डांबराची जात, उताराची दिशा, एकूण टन, आणि पाणी शेवटी कुठे सोडणार. सरकारी कामांत दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे त्या मुदतीत निघालेले दोष ठेकेदारानेच दुरुस्त करायचे; तसा आपणही मागायचा. मी दहावा हिस्सा राखून ठेवला होता आणि तो दसऱ्यानंतर, एक पावसाळा रस्त्यावरून गेल्यावर, दिला. चांगल्या ठेकेदाराने या अटीवर एकदाही कुरकुर केली नाही. जो करतो, त्याला नमस्कार करून वाटेला लावावं. काम झाल्यावर दोन दिवस गाडी आणू दिली नाही, आणि पहिल्या उन्हाळ्यात मोटारसायकलच्या स्टँडखाली फळीचा तुकडा ठेवायची सवय लावली. दसऱ्याला दर वर्षी रस्ता चालून बघते. बारीक भेग दिसली की लगेच डांबराने भरून घेते.

तात्या आता ऐंशीच्या पुढे गेलेत. चालणं कमी झालंय. गेल्या आषाढात रात्रभर कोसळल्यावर मी पहाटे बॅटरी घेऊन बाहेर आले, तर ते आधीच मोरीच्या तोंडाशी काठी टेकून उभे होते. जांभळाचा पाला अडकला होता, तो काठीने ओढून काढत होते. पाणी मोकळं होऊन ओढ्याकडे पळालं. "रोप बरं आहे," ते म्हणाले, आणि मी त्यांना धरून घरी आणलं.