गोठ्यातील वायरिंगचे दोष : दिवा लागणे हा पुरावा नव्हे

परसातील गोठा, पंपघर किंवा कडबाकुट्टीची शेड यांना वीज बहुधा घरातूनच ओढलेल्या एका केबलने मिळते, आणि या जागा घराच्या मानाने ओल्या, धुळीच्या व दुर्लक्षित असल्यामुळे घरात वर्षानुवर्षे टिकणारे वायरिंग तेथे काही पावसाळ्यांतच कुचकामी होते. गोठ्यात त्यात आणखी एका कारणाची भर पडते. शेणमुतातून सतत सुटणारा अमोनिया तांब्याला व पितळेला खातो, त्यामुळे होल्डर, बटणे आणि प्लग यांतील पितळी भाग हिरवट पडतात, ठिसूळ होतात, आणि वरून घट्ट दिसणारा जोड आतून वीज धड वाहू देत नाही. उंदरांनी कुरतडलेली किंवा पत्र्याच्या धारेवर घासून सोललेली केबल नीट पाहिल्यास डोळ्यांना दिसते. गंजलेला जोड मात्र दिसत नाही, म्हणून गोठ्यातील बिघाडाच्या तपासणीत पहिला संशय जोडांवर घेणे योग्य ठरते.

वीज उपकरणापर्यंत आणणारी तार ती फेज आणि तेथून परत नेणारी ती न्यूट्रल. तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार, उपकरणाच्या धातूच्या अंगाला जमिनीशी जोडते आणि एरवी तिच्यातून प्रवाह वाहणे अपेक्षित नसते. गोठ्यातील सर्वांत फसवा दोष न्यूट्रल तुटण्याचा होय. फेज तुटली तर टेस्टर कोठेच पेटत नाही आणि दोष लगेच उमगतो; न्यूट्रल तुटली तर चालू ठेवलेल्या दिव्यामधून फेजचा दाब न्यूट्रलच्या तारेपर्यंत पोचतो, दिवा लागत नाही, पण टेस्टर दोन्ही तारांवर पेटतो. ‘दोन्हीकडे करंट आहे, तरी बल्ब लागत नाही’ असे वर्णन ऐकू आले, की न्यूट्रल तुटली असे बहुतेक वेळा निःशंकपणे म्हणता येते. टेस्टरला पेटण्यासाठी अत्यल्प प्रवाह पुरतो, त्यामुळे तारेत दाब आहे एवढेच तो सांगतो. ती तार भार पेलू शकते की नाही हे त्याला कळत नाही. ते कळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये साधा तारेचा बल्ब लावून पाहावा लागतो.

अशाच तुटलेल्या न्यूट्रलवर खेडोपाडी जो उपाय केला जातो, तो मूळ दोषापेक्षा घातक असतो. एका गोठ्यात न्यूट्रल तुटल्यावर केबल बदलण्याचा खर्च टाळण्यासाठी होल्डरची परतीची तार गोठ्यालगत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळईला जोडण्यात आली. तसे करताच घरातील आरसीसीबी पडू लागली. आरसीसीबी म्हणजे फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही हे सतत ताडून पाहणारे आणि ठरावीक फरक आढळताच, घरगुती वापरात सामान्यतः ३० मिलिअँपिअरच्या आत, पुरवठा तोडणारे साधन. परतीचा प्रवाह जमिनीतून जाऊ लागल्यावर तिने पडणे हेच तिचे काम होते. परंतु सदोष तीच मानली गेली आणि गोठ्याची फेज तिच्या अलीकडून घेण्यात आली. दिवा लागला व सर्वांचे समाधान झाले. पुढे त्याच जोडणीवर पाणी तापवण्याचा रॉड लावला जाऊ लागला तेव्हा पाणी तापण्यास फार वेळ लागे, आणि नेमक्या त्या वेळी गाई लोखंडी पाइप असलेल्या हौदाला तोंड लावीनाशा होत. पाण्यात खोट नव्हती आणि गाईही आजारी नव्हत्या.

असे का घडते याचा हिशेब सोपा आहे. सळई आणि जमीन यांच्यामधील रोध २० ओहम धरला आणि २३० व्होल्टवर १,००० वॉटचा रॉड लावला, तर रॉडचा रोध सुमारे ५३ ओहम असल्यामुळे एकूण दाबापैकी सुमारे ६३ व्होल्ट सळईवर, तिला जोडलेल्या प्रत्येक पाइपवर आणि आसपासच्या ओल्या जमिनीत विभागले जातात. रॉडला उरलेले १६७ व्होल्ट मिळतात आणि त्याची उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते. त्याच जागी १०० वॉटचा तारेचा बल्ब असेल तर सळईवर आठ-साडेआठ व्होल्टच येतात, आणि एलईडी दिव्याच्या बाबतीत तर जेमतेम एखादा व्होल्ट येतो, म्हणून केवळ दिवा असेपर्यंत हा दोष झाकून राहतो. उन्हाळ्यात जमीन वाळली की रोध वाढतो आणि सळईवरील दाबही वाढतो. सळईची तार तुटली तर तिला जोडलेली सारी धातू पूर्ण २३० व्होल्टवर येते. जनावराच्या शरीराचा रोध सुमारे ५०० ओहमच धरला जातो, त्याच्या पायांत चप्पल नसते आणि पुढच्या व मागच्या पायांतील अंतर मोठे असल्यामुळे जमिनीच्या दोन ठिकाणच्या दाबांमधील फरक थेट त्याच्या छातीतून जातो. माणसाला नुसती झिणझिणी येते तेथे गाय दगावू शकते. म्हणून जनावर हौदाशी बिचकत असेल, तर पशुवैद्याबरोबर वायरमनलाही बोलावणे शहाणपणाचे आहे.

तपासणीचा क्रम घराकडून गोठ्याकडे असावा. प्रथम घरातील मुख्य स्विच बंद करावा. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडते व न्यूट्रल तशीच जोडलेली राहते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. त्यानंतर गोठ्यातील सर्व दिवे व उपकरणे काढून केबलची दोन्ही टोके मोकळी करावीत आणि मेगरने, म्हणजे ५०० व्होल्ट दाब देऊन वेष्टनाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तारा एकमेकींशी आणि जमिनीशी तपासाव्यात. रोध एक मेगाओहमपेक्षा कमी भरला तर वेष्टन गेले असे समजावे. केबल निर्दोष ठरली तर मधली पेटी उघडून वायरिंगचे दोन भाग करावेत व दोष कोणत्या भागात आहे ते पाहून पुन्हा त्याचेच दोन भाग करावेत. एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी पडत असेल, तर पुढे कोठे तरी न्यूट्रल अर्थिंगला चिकटली आहे असा संशय घ्यावा. हे मोजमाप आणि दुरुस्ती परवानाधारक वायरमनचे काम आहे, आणि मीटरपर्यंतचा भाग वीज कंपनीचा असल्यामुळे त्याला त्यानेही हात लावू नये. मालकाने लक्षणे नेमकी सांगितली तरी निम्मे काम होते.

दुरुस्तीत काळी टेप गुंडाळलेले जोड ठेवू नयेत. अखंड केबल घ्यावी आणि जोड अटळच असेल तर तो बंद पेटीत, जनावरांच्या तोंडापासून दूर ठेवावा. केबलच्या जाडीत काटकसर करू नये. गोठा ६० मीटरवर असेल आणि कडबाकुट्टीची मोटर १० अँपिअर घेत असेल, तर १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे साडेचौदा व्होल्ट वाटेतच खर्च होतात, ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत साडेपाच; आणि मोटर सुरू होताना प्रवाह कित्येक पटींनी वाढत असल्यामुळे बारीक तारेवर ती नुसती घुमते व जळते. न्यूट्रल घरापासून स्वतंत्र आणावी आणि अर्थिंगची तार तिसरी असावी.

आरसीसीबीवर ‘टी’ असे अक्षर असलेले छोटे बटण असते. वीज चालू असताना ते महिन्यातून एकदा दाबावे, आणि दाबूनही ती पडली नाही, तर नवी बसेपर्यंत गोठ्याची वीज बंद ठेवून कंदिलावर किंवा बॅटरीवर भागवावे.