डिझेल संपून बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करताना

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे शिरूर व दौंड तालुक्यांतील रस्त्यांवर ट्रॅक्टरांची वर्दळ रात्रंदिवस चालू राहते. मांडवगण फराटा, न्हावरे, केडगाव, वरवंड, पाटस या भागांतून दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर कारखान्यांकडे व गुऱ्हाळांकडे जाताना दिसतात. अशा वेळी एखादा ट्रॅक्टर मध्येच धापा टाकू लागतो, दोन-चार आचके देतो आणि बंद पडतो. टाकी पाहावी तो ती कोरडी. चालक कोणाच्या तरी मोटारसायकलवरून जाऊन कॅनभर डिझेल आणतो, टाकीत ओततो, चावी फिरवतो, आणि इंजिन काही केल्या चालू होत नाही. बॅटरी उतरेपर्यंत हा खटाटोप चालतो. पुणे-सोलापूर महामार्गावर रात्रीच्या वेळी दिव्यांशिवाय उभा राहिलेला उसाचा ट्रेलर मागून येणाऱ्या वाहनाला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. त्यामुळे डिझेल संपणे ही वरवर क्षुल्लक वाटणारी चूक एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

डिझेल भरूनही इंजिन का चालू होत नाही, हे समजण्यासाठी त्याची रचना थोडी ध्यानात घेतली पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दट्ट्या सिलिंडरातील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबतो. या दाबाने हवा इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. मात्र डिझेल अगदी बारीक तुषारांच्या रूपात आत शिरावे लागते. त्यासाठी डिझेल पंप ते नॉझलकडे फार मोठ्या दाबाने ढकलतो. नेहमीच्या शेतीच्या इंजिनांत नॉझलची सुई दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोनशे किलोग्रॅम दाब आल्यावरच उचलली जाते.

द्रव पदार्थ सहसा दबत नाही, हवा मात्र दबते. टाकी रिकामी झाली म्हणजे नळ्या, गाळण्या व पंप यांत डिझेलऐवजी हवा भरते. वर नवे डिझेल ओतले तरी ही हवा मध्ये अडकून राहते. पंपाचा दट्ट्या पुढे गेला की ती हवा दबते, मागे आला की पुन्हा फुगते. नॉझलपाशी पुरेसा दाब येतच नाही, सुई उचलली जात नाही, आणि सिलिंडरात डिझेलचा थेंबही पोहोचत नाही. यालाच गावाकडचे फिटर ‘इंजिनाने हवा धरली’ असे म्हणतात. हे वर्णन अगदी यथार्थ आहे. हवा बाहेर काढल्याखेरीज सेल्फ कितीही मारला तरी उपयोग होत नाही. सेल्फ चालताना बॅटरीतून दोनशे-तीनशे अँपिअर इतका प्रवाह वाहतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटांच्या अट्टाहासात चांगली बॅटरीही निकामी होते व सेल्फ जळण्याची पाळी येते.

भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी यंत्राने पाणी उपसण्याचा परिपाठ जुना आहे. (पाण्याचा पाट तर त्याहून कितीतरी जुना, घोडकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीने काढलेला पाट सापडला.) पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाल्यानंतर अशी इंजिने महाराष्ट्रातील विहिरींवर व नदीकाठांवर सर्रास दिसू लागली. आज बहुतेक पंप विजेवर चालतात. तरीही वीज नसताना उपयोगी पडावे म्हणून अनेकांनी जुने इंजिन जपून ठेवले आहे, आणि हवा काढण्याची क्रिया शिकण्यास या इंजिनाइतके सोपे साधन दुसरे नाही.

या एका सिलिंडरच्या इंजिनात टाकी वरच्या बाजूस असते व डिझेल आपल्या वजनाने खाली उतरते. प्रथम टाकी निदान अर्धी भरावी आणि तळाचा गाळ खाली बसण्यास काही मिनिटे द्यावीत. तोटी उघडून गाळणीवरील हवेचा स्क्रू पान्याने एक-दोन आटे सैल करावा. प्रथम फेस व बुडबुडे येतील, नंतर डिझेलची अखंड धार लागेल. धार लागलेली असतानाच स्क्रू आवळावा. आधी थांबवून मग आवळल्यास हवा परत आत जाते. यानंतर पंपावरील हवेचा स्क्रू अशाच रीतीने सैल करून आवळावा. शेवटी नॉझलकडे जाणाऱ्या जाड नळीचा नॉझलजवळचा नट थोडा सैल करावा, डीकॉम्प्रेशनचा खटका उचलावा व हँडल सावकाश फिरवावे. नटाखालून बुडबुड्यांशिवाय डिझेल येऊ लागले की नट घट्ट करून हँडल पुन्हा फिरवावे. आता प्रत्येक दोन फेऱ्यांमागे नॉझलमधून ‘चर्र’ असा आवाज आला पाहिजे. जुने फिटर यास ‘नॉझल बोलले’ असे म्हणतात. नॉझल बोलले म्हणजे डिझेल सिलिंडरापर्यंत पोहोचले असे समजावे. ते बोलत नसेल तर हँडल मारून दमण्यात अर्थ नाही, मागे जाऊन पुन्हा हवा काढावी. हँडल धरताना अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूस न ठेवता बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिन उलटे झटकले तर मनगट मोडण्याचा प्रसंग यामुळे टळतो.

ट्रॅक्टरमध्ये टाकी व डिझेल पंप यांच्यामध्ये एक लहान फीड पंप असतो. तो डिझेल ओढून गाळण्यांतून पुढे ढकलतो. येथे काम थोडे वाढते, क्रम मात्र तोच राहतो: टाकीकडून नॉझलकडे. उलट क्रमाने सुरुवात केल्यास मागची हवा पुन्हा पुढे येते व केलेले श्रम वाया जातात.

प्रारंभी ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला घ्यावा, गिअर न्यूट्रल करून ब्रेक लावावा व चाकांमागे दगड ठेवावेत. ट्रेलरच्या मागे काही अंतरावर चमकणारा त्रिकोण किंवा कंदील ठेवण्यापूर्वी पान्यास हात लावू नये. नंतर किमान आठ-दहा लिटर डिझेल घालावे. दोन लिटर घालून सुरुवात केली तर उताराच्या जागी डिझेल टाकीच्या एका कोपऱ्यात राहते आणि नळी पुन्हा हवा ओढते. इंजिन बंद करण्याचा दांडा आत ढकलला आहे ना, हेही पाहावे. तो बाहेर ओढलेला असताना पंप डिझेल सोडतच नाही, आणि अर्धा तास हवा काढून झाल्यावर ही गोष्ट ध्यानात येण्याचे प्रसंग थोडे नाहीत!

त्यानंतर पहिल्या गाळणीवरील हवेचा स्क्रू सैल करून फीड पंपाची मूठ किंवा तरफ हाताने चालवावी. मूठ आट्यांची असल्यास ती आधी फिरवून मोकळी करावी लागते व काम झाल्यावर पुन्हा पूर्ण बसवावी लागते. तरफ हलवूनही तिला जोर लागत नसेल तर पंप बिघडला असा निष्कर्ष लगेच काढू नये. इंजिन ज्या जागी थांबले तेथे कॅम पंपाच्या दांड्यास दाबून धरतो, त्यामुळे तरफेस चाल राहत नाही. इंजिन हाताने किंवा सेल्फच्या क्षणभर झटक्याने थोडे फिरवल्यास तरफ काम करू लागते. स्क्रूखालून निर्मळ धार लागल्यावर तो आवळावा, नंतर दुसऱ्या गाळणीचा व शेवटी डिझेल पंपावरील स्क्रू घ्यावा. पुष्कळदा एवढ्यावरच इंजिन चालू होते. न झाल्यास नॉझलकडील सर्व नट एकेक आटा सैल करावेत, रेस अर्धी ठेवावी आणि सेल्फ दहा-पंधरा सेकंदांहून अधिक न मारता मध्ये निदान एक मिनिट विश्रांती द्यावी. ज्या नळीतून बुडबुड्यांशिवाय डिझेल उसळेल ती आवळीत जावी. इंजिन चालू होताना प्रथम थोडे अडखळते व धूर टाकते. अडखळणे काही मिनिटांनंतरही थांबले नाही तर इंजिन बंद करून नॉझलकडची हवा पुन्हा काढावी.

नॉझलच्या नळीचा नट सैल करताना किंवा गळती शोधताना बोट कदापि तेथे नेऊ नये. चालू इंजिनात तर नटांना हातच लावू नये. मोठ्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून केवळ सुईच्या टोचणीएवढी खूण दिसते, आणि सुरुवातीस फारसे दुखतही नाही. त्यामुळे मनुष्य चिंधी गुंडाळून काम चालू ठेवतो. काही तासांनी बोट सुजते, आतील मांस मरू लागते व बोट किंवा हात कापण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्याची नुसती शंका आली तरी हळद-चुना लावून वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाखालचे डिझेल हातात शिरले आहे’ असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. शस्त्रक्रियेची सोय जवळ नसल्यास पुण्यास जाण्यात वेळ दवडू नये. गळती पाहायचीच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी.

बुडबुडे थांबतच नसतील तर दोष अन्यत्र असतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते. तीवरील चिरलेल्या रबरातून किंवा झिजलेल्या वॉशरमधून डिझेलचा थेंबही बाहेर येत नाही, पण हवा मात्र आत शिरते. म्हणून गळती दिसत नाही एवढ्यावरून सांधे ठीक आहेत असे मानू नये. टाकीच्या झाकणातील बारीक छिद्र धुळीने बुजल्यासही इंजिन डिझेल संपल्यासारखे बंद पडते. झाकण उघडताना ‘सूं’ असा आवाज आला तर तेच कारण समजावे. टाकी कोरडी पडेपर्यंत चालवण्याचा आणखी एक दुष्परिणाम म्हणजे तळाचे पाणी व गाळ शेवटी पंपात ओढला जातो. पंपाचे दट्टे केवळ डिझेलच्या पातळ थराने वंगण पावतात, त्यांना गाळ सोसत नाही. म्हणून हवा काढण्यापूर्वी गाळणीची वाटी उतरवून पाणी काढून टाकणे श्रेयस्कर.

डिझेल मिळत नाही म्हणून टाकीत रॉकेल किंवा पेट्रोल घालणे हा शुद्ध अविचार होय. पहिल्याने पंपाचे वंगण जाते, दुसऱ्याने आगीचाही धोका वाढतो. हवेच्या नळीत इथरचा फवारा मारून इंजिन चालू करण्याची युक्तीही काही जण सुचवितात. डिझेल पोहोचतच नाही तेथे त्याचा लाभ क्षणभराचा असतो, आणि अवेळी होणाऱ्या स्फोटाने दट्ट्या किंवा रिंगा फुटू शकतात. भरलेल्या ट्रेलरसह ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

येथवर सांगितलेली रीत जुन्या धाटणीच्या पंपांची आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यानंतरच्या पिकअप व टेम्पो यांत, तसेच १ जानेवारी २०२३ नंतर बनलेल्या ५० अश्वशक्तीहून मोठ्या पुष्कळ ट्रॅक्टरांत ‘कॉमन रेल’ पद्धत असते. तेथे नळ्यांतील दाब दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोग्रॅमच्याही वर जातो. या इंजिनाच्या जाड नळ्यांचे नट चालकाने मुळीच सैल करू नयेत. टाकी भरावी, गाळणीजवळ हातपंप असल्यास तो कडक लागेपर्यंत दाबावा. विजेचा पंप असल्यास सेल्फ न मारता चावी अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करावी व असे तीन-चार वेळा करावे. पुस्तिकेत निराळी रीत दिली असल्यास तीच पाळावी. एवढ्याने चालू न झाल्यास कारागिरास बोलवावे. तसे करण्यात कमीपणा नाही. या पंपाची किंमत पाहता शहाणपण आहे.

पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर ताशी लिटरभराहून थोडे अधिक डिझेल घेते. चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास जड ओढीवर ताशी पाच-सहा लिटर किंवा त्याहून अधिकही लागते. कारखान्याच्या वजनकाट्यापुढील रांगेत इंजिन चालूच ठेवल्यास तेथेही डिझेल जळते, आणि घरून निघताना केलेला हिशेब नेमका याच ठिकाणी चुकतो. काटा बिघडलेला असल्यास स्वच्छ लाकडी पट्टी टाकीत बुडवून पाहावी. टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी, म्हणजे रात्रीच्या थंडीत रिकाम्या जागेत दव धरून पाणी साचत नाही. ट्रॅक्टरच्या पेटीत हवेच्या स्क्रूचा व नॉझलच्या नटाचा पाना, तांब्याचे चार वॉशर, धागे न सुटणारे फडके आणि एक लहान डबा असावा. हवा काढताना सांडणारे डिझेल त्या डब्यात धरावे. विहिरीच्या किंवा नदीच्या काठी ते जमिनीवर सोडू नये, आणि फेसाळलेले तेच डिझेल न गाळता टाकीत परतही ओतू नये. सुटे भाग धुण्यास ते उपयोगी पडते.